बोलता बोलता : टेबलावर वाजवलेलं गाणं

माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे मी २८ वर्षं कानाला हेडफोन लावून ऐकलं. कामाच्या बैठका, शाळेतले तास, नवरा-बायकोची (त्यांच्या परवानगीनं टिपलेली) भांडणं. पायाखालचं पेडल दाबायचं, टेप मागे घ्यायची आणि शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. अडखळणं, सुस्कारा, गप्प बसणंसुद्धा. एका मिनिटाच्या बोलण्याला कधी कधी तास लागायचा. कान थकले म्हणून ते काम सोडलं आणि तुमच्या पत्रांना उत्तरं द्यायला बसले. या वेळी पत्रं बरीच आहेत, त्यामुळे काहींना थोडक्यात उत्तर देते. रागावू नका.

प्रश्न : ताई, आमच्या ऑफिसात संवादकौशल्याचं प्रशिक्षण झालं. प्रशिक्षकांनी फळ्यावर ७, ३८, ५५ असे आकडे लिहिले. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. मी दिवसभर हिशेबाचे अहवाल लिहितो. म्हणजे माझं म्हणणं ९३ टक्के वायाच जातं का?

उत्तर : आधी कबुली देते. हे आकडे मलाही कुणीतरी असेच फळ्यावर लिहून शिकवले होते, आणि सुरुवातीची दोन वर्षं मीही ते विद्यार्थ्यांना तितक्याच ऐटीत शिकवले. मूळ लेख वाचायची तसदी नंतर घेतली.

आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून आलेले. एकात सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात ‘कदाचित’ या अर्थाचा एकच शब्द तीन सुरांत, जोडीला चेहऱ्याचे फोटो. ऐकणाऱ्यानं सांगायचं एवढंच, की बोलणाऱ्याला समोरच्याबद्दल आपुलकी वाटतेय की नावड. दोन्ही प्रयोगांची गोळाबेरीज करून ते सूत्र बनलं. ते फक्त भावना आणि आवडी-नावडीपुरतं आहे, हे मेहराबियन यांनी स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलंय. दात आवळून कुणी ‘मी रागावलेलो नाही’ म्हणालं, तर आपण शब्दांवर विश्वास ठेवत नाही. त्या सूत्राचा जीव तेवढाच. नाहीतर परभाषेतलं भाषण ऐकून आपल्याला ९३ टक्के विषय कळायला हवा होता!

तेव्हा अहवाल निर्धास्त लिहा. सावध राहायचं ते दुसऱ्या जागी. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं कळवायला सांगितली, काहींना मेलवर, काहींना बोलून. दोन्ही गटांचा अंदाज एकच होता : समोरच्याला १०० पैकी ७८ वेळा आपला रोख कळेल. बोलणाऱ्यांच्या बाबतीत तो ७३ वेळा कळला, अंदाजाच्या जवळपास. मेलवाल्यांचा ५६ वेळा. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० वेळा बरोबर आलंच असतं की. लिहिताना आपला सूर आपल्या डोक्यात वाजत असतो. तो मेलबरोबर जात नाही, आणि गेला नाही हे आपल्याला कळतही नाही. तुमच्या आकड्यांना याची झळ नाही. सहकाऱ्याला टोमणा मारायचा असेल, तर मात्र उठून त्याच्या टेबलापाशी जा.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. प्रश्न विचारला की वर्ग मख्ख. तेच चार हात वर येतात, नाहीतर शेवटी उत्तर मीच सांगते. मुलांची विचार करायची सवयच गेलीय असं आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यांचं मत आहे. माझंही होत चाललंय.

उत्तर : बाई, उलट एक प्रश्न विचारते. प्रश्न विचारल्यावर तुम्ही थांबता किती? अंदाजानं सांगू नका. फोन टेबलावर ठेवून एक तास रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन घड्याळ लावून ऐका.

मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या संशोधिकेनं नेमकं हेच केलं. प्राथमिक शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांच्या शेकडो टेप ऐकल्या आणि गप्प बसण्याचा वेळ मोजला. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न बदलायचा, दुसऱ्याला विचारायचा किंवा स्वतःच सांगून टाकायचं. मुलानं उत्तर दिल्यावरही तीच गत. त्याचं वाक्य टेकतं न टेकतं तोच बाईंचं वाक्य सुरू. मग रो यांनी काही शिक्षकांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकवलं. उत्तरं कित्येक पटींनी लांबली. ‘माहीत नाही’ कमी झालं. ज्यांना वर्गात ‘ढ’ समजलं जायचं ती मुलं बोलू लागली, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागली. मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी, की त्या ‘ढ’ मुलांबद्दलचं शिक्षकांचं मतही हळूहळू बदललं. तुमच्या शिक्षकखोलीत हे सांगून पाहा.

आता एक सेकंद एवढा लांब का वाटतो? त्यात तुमचा उतावीळपणा नाही. २००९ साली तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १० भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली फट मोजली. सरासरी साधारण सेकंदाचा पाचवा भाग. सगळ्यात संथ निघालेल्या डॅनिश भाषेतही ती अर्ध्या सेकंदापेक्षा कमी भरली. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण आपलं जुळवायला घेतलेलं असतं. गप्पांमध्ये सेकंदभर शांतता पडली की कानाला ‘काहीतरी बिनसलं’ असं ऐकू येतं. ‘येतोस का?’ या प्रश्नानंतर एक सेकंद गेला की उत्तर ‘नाही’ असणार, हे तुम्ही आम्ही सगळेच ओळखतो. वर्गातही कान तोच असतो. तो मुलांच्या विचार करण्यालाही नकार समजतो आणि तुम्ही सभ्यपणे ती फट बुजवता.

माझीच फजिती सांगते. रो यांचं हे संशोधन शिकवतानाचा माझा एक तास मी रेकॉर्ड केला होता. आमच्या पद्धतीत शांतता कंसात लिहितात, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. रात्री तो तास उतरवायला बसले. टेपवर मी विचारतेय, ‘मग शिक्षकांनी थांबायला हवं की नको?’ आणि त्यापुढे माझ्याच हातानं मी लिहिलं : (०.८).

सुरुवातीला मनातल्या मनात आकडे मोजू नका, ते चेहऱ्यावर दिसतात. फळा पुसा, खिडकीपर्यंत जाऊन या. मुलाचं उत्तर झाल्यावरही गप्प राहा. रो यांच्या मते ही दुसरी शांतता जास्त फळते, कारण मूल त्याच वेळात आपल्या उत्तराला ‘कारण’ जोडतं. लगेच ‘शाब्बास’ म्हटलंत की दुकान बंद. आणि हे सगळं ‘का?’ आणि ‘कसं?’ अशा प्रश्नांसाठी. पाण्याचं सूत्र विचारून तीन सेकंद ताटकळण्यात काही अर्थ नाही. पहिले काही दिवस मुलं एकमेकांकडे बघतील. बाईंची तब्येत बरी नाही, असंही वाटेल त्यांना.

प्रश्न : ताई, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प सगळ्यांसमोर सादर करायचाय. बोलायला उभी राहिले की छाती धडधडते आणि ते सगळ्यांना दिसतं. काय करू?

उत्तर : अगं, ‘घाबरू नकोस’ असं मी तुला सांगणार नाही, कारण त्याचा उपयोग होत नाही हे तपासलं गेलंय. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना भाषणं करायला लावली. वक्त्यांना आपण जेवढे घाबरलेले दिसलो असं वाटलं, तेवढे ते प्रेक्षकांना दिसले नव्हते. मग पुढच्या प्रयोगात काहींना नुसता धीर दिला, आणि काहींना भाषणाआधीच समजावून सांगितलं, की तुमची धडधड तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. दुसऱ्या गटाची भाषणं चांगली झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि प्रेक्षकांच्याही मते. धीर दिलेल्यांना तो फायदा झाला नाही. हे उत्तर वाचून तू आपोआप दुसऱ्या गटात गेलीस. सादर करून झालं की कळव.

प्रश्न : बायका दिवसाला २०,००० शब्द बोलतात आणि पुरुष ७,०००, हे खरं का? आमच्यात पैज लागलीय.

उत्तर : या आकड्यांमागे मोजमाप नाही. मॅथियास मेहल आणि सहकाऱ्यांनी ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर दिवसभर छोटं रेकॉर्डर लावून मोजलं (२००७) : दोन्हीकडे सरासरी १६,००० च्या आसपास. २०२५ मध्ये २,००० पेक्षा जास्त लोकांवर तेच पुन्हा झालं. तेव्हा २५ ते ६४ या वयात बायका सुमारे ३,००० शब्दांनी पुढे निघाल्या, बाकीच्या वयांत फरक नगण्य. पुरुषापुरुषांतला आणि बाईबाईतला फरक याहून कितीतरी मोठा. पैज रद्द करा.

प्रश्न : माझ्या हाताखाली १४ जण आहेत. ‘माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे’ असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तरीही चूक मला सगळ्यात शेवटी कळते. मागच्या महिन्यात चुकीची यादी बाहेर गेली. तिघांना आठवडाभर आधी ठाऊक होतं! एकानंही तोंड उघडलं नाही. मी ओरडणारा साहेब नाही हो.

उत्तर : नसालही. पण साहेब, दार उघडं आहे की नाही हे तुम्ही खोलीच्या आतून बघताय.

वाईट बातमी सांगायला माणूस कचरतो, आणि त्यात त्याचा दोष नसला तरी कचरतो. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी १९७० मध्ये हे दाखवलं. प्रयोगाला आलेल्या विद्यार्थ्याला सांगितलं, की अमक्याला निरोप दे, घरी फोन कर, चांगली बातमी आहे. दुसऱ्या वेळी तोच निरोप, पण बातमी वाईट. चांगली असली तर लोक पूर्ण निरोप सांगत. वाईट असली तर ‘घरी फोन कर म्हणे’ एवढंच, पुढचं गिळून. बातमी ना त्यांची, ना त्यांच्यामुळे. मग तुमच्या त्या तिघांचं काय घेऊन बसलात?

दुसरा अभ्यास तुमच्या जास्त कामाचा आहे. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. जिथे नेतृत्व चांगलं, माणसं एकमेकांना धरून, तिथे चुका कमी असणार, असा त्यांचा कयास. आकडे आले ते उलटे! चांगल्या गटांत चुका जास्त. डोकं लावल्यावर उलगडा झाला : तिथे चुका जास्त घडत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ च्या लेखात त्यांनी याला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटलं. हा शब्द हल्ली भिंतीवरच्या तक्त्यांवर फार लागतो, पण मूळ प्रश्न साधा आहे : इथे चूक सांगणाऱ्याचं काय होतं?

ती यादी परत आली तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघालं? आठवून बघा. ‘आधी का नाही सांगितलं?’ असेल, तर पुढच्या वेळीही उशीरच होणार. ओरडावं लागत नाही. माझ्या सहायकाकडून एक अख्खी टेप पुसली गेली होती. मला त्यानं ते तीन आठवड्यांनी सांगितलं. मीही स्वतःला ‘कुणीही येऊन सांगावं’ अशी समजत होते. त्याला विचारलं, लगेच का नाही बोललास? म्हणाला, ‘त्या दिवशी तुम्ही घाईत होतात.’ मी रोजच घाईत असायचे.

‘सगळं ठीक ना?’ हे विचारणं सोडा, त्याला ‘हो’ शिवाय उत्तर नसतं. काम सुरू होतानाच विचारा, ‘यात कुठं अडेल असं वाटतंय?’ आणि वरच्या शिक्षिकाबाईंना जे सांगितलं ते तुम्हालाही लागू. विचारून झालं की थांबा.

प्रश्न : ताई, लग्नाला २४ वर्षं झाली. माझं काही बिनसलं तर ते माझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. तरी हे विचारत नाहीत. कामावरच्या मैत्रिणीला, जिची ओळख दोन वर्षांची, तिला एका वाक्यात कळतं. मी सांगायला बसले तर हे मोबाइल बघत ‘हं, हं’ करतात. मग मलाच माझं बोलणं कंटाळवाणं वाटायला लागतं. रागानं बोलले तर उठून जातात. २४ वर्षांनीही सांगावं लागत असेल, तर सांगून मिळालेल्या विचारपुशीला काय किंमत?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तीन वेगळ्या गाठी आहेत, आणि तुम्ही तिन्हींना एकच नाव दिलंय.

मोबाइलची आधी घेते, कारण तिथे तुमची बाजू शंभर टक्के खरी आहे. जॅनेट बाव्हेलस आणि सहकाऱ्यांनी २००० साली लोकांना स्वतःवर गुदरलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग अनोळखी माणसाला सांगायला लावलं. काही श्रोत्यांना गुपचूप दुसरं काम दिलं होतं : बोलण्यात अमुक अक्षरानं सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. असे श्रोते ‘हं हं’सुद्धा कमी करत होते. दचकणं, ‘अरे बापरे’, डोळे विस्फारणं तर जवळजवळ गेलंच. आणि बिघडलं काय, तर सांगणाऱ्याचं सांगणं. ऐन रंगायच्या जागी गोष्ट ढेपाळायची, शेवट गुंडाळला जायचा किंवा तोच तोच फिरत राहायचा. ऐकणारा अर्धी गोष्ट सांगत असतो, बाई. तुमचं बोलणं कंटाळवाणं नाही. हे ह्यांना वाचून दाखवलंत तरी चालेल. मोबाइल खाली ठेवल्यावर.

उठून जाण्याबद्दल. एकजण मागे लागतो, दुसरा दूर पळतो. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हेव्ही यांनी १९९० मध्ये जोडप्यांना दोन विषयांवर बोलायला दिलं : एकात बायकोला बदल हवा होता, एकात नवऱ्याला. बायकोच्या विषयावर बायको मागे लागे आणि नवरा काढता पाय घेई, हे ठसठशीत दिसलं. नवऱ्याच्या विषयावर तसा ठाम फरक उरला नाही. म्हणजे सगळा मामला ‘पुरुष असेच’ एवढ्यावर संपत नाही. बदल कोणाला हवाय यावरही बरंच अवलंबून असतं. मी उतरवलेल्या भांडणांत तर सुरुवात कुणी केली हे शोधण्यात माझे कितीतरी दिवस गेले. ती म्हणते, तो उठतो म्हणून माझा आवाज चढतो. तो म्हणतो, आवाज चढतो म्हणून मी उठतो. टेप कितीही मागे घ्या, पहिली कडी सापडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी प्रबंधासाठी एक खेळ मांडला होता. एकानं ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. एकूण १२० गाणी वाजली. ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं ऐकू येत असतं. समोरच्याला टकटक.

२४ वर्षांच्या सहवासानं ओळखणं सुधारत असेल, असं तुम्हाला वाटणार. मलाही वाटायचं. २०११ मध्ये सॅविट्स्की, एप्ली आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसवलं. एकानं ‘इथं उकडतंय’ अशा धाटणीचं दुहेरी अर्थाचं वाक्य म्हणायचं, मागच्यांनी त्याचा रोख ओळखायचा. जोडीदार अनोळखी माणसांपेक्षा सरस ठरले नाहीत. फरक पडला तो बोलणाऱ्याच्या खात्रीत. आपल्या माणसाला कळलं असणार, असं त्यांना जास्त वाटत होतं. परक्याशी बोलताना आपण नीट पूर्ण वाक्य करतो. तुमच्या त्या मैत्रिणीला एका वाक्यात कळतं म्हणता, पण तिला ते वाक्य तुम्ही देता. ह्यांना चेहरा देता.

सांगून मिळालेल्या विचारपुशीची किंमत मी कमी धरत नाही. न सांगता कळण्याला आपण प्रेमाची परीक्षा करून ठेवलंय, आणि परीक्षा चालू आहे हे परीक्षार्थ्याला ठाऊक नसतं. ह्यांना उद्या एवढंच सांगून बघा : ‘मला दहा मिनिटं बोलायचंय. उपाय नको, फक्त ऐका.’ त्यांना हे जमेलच अशी हमी मी देत नाही. पण नाही जमलं, तर निदान कशाला नाही म्हणाले ते तुम्हाला कळेल.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. एकदा मला वैद्यकीय तपासणीचा निकाल आणायला जायचं होतं आणि मी आतून फार घाबरले होते. आदल्या रात्री नवऱ्याला मी ते सांगितलं, सोबत चला म्हटलं, आणि त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं, अशी माझी पक्की आठवण. निकाल चांगला आला, पण मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. नंतर लक्षात आलं, की त्या रात्री नवीन रेकॉर्डर कसा चालतो ते बघायला मी तो टेबलावर सुरू ठेवला होता. त्यांच्यासमोर पुरावा ठेवायचा म्हणून टेप लावली आणि सवयीनं उतरवायला घेतली. कागदावर आलं ते असं :

मी : उद्या मला निकाल आणायला जायचंय.

(२.४)

तो : बरं.

(६.०)

आणि पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज.